डाव्या पायाचा पाच नंबर

आधीच सांगून टाकलेलं बरं: बूट सापडला. नाहीतर वाचणारं माणूस उगाच जीव मुठीत धरून बसायचं. फोडकाकूंनी त्या गुरुवारी जेवढा घोर लावून घेतला, तेवढा सगळ्यांच्या वाटचा पुरे झाला.

फोडकाकू हे नाव त्यांना गोदामानं दिलं. गोदाम एका ऑनलाइन दुकानाचं. लांबच लांब, पत्र्याच्या छताचं, आत वरपर्यंत फळ्या आणि फळ्यांवर खोकीच खोकी. लोक घरी बसून फोनवर बोट फिरवतात आणि एका दमात पाच-सात वस्तू मागवतात. उशी, बादली, वही, पंख्याचं पातं. मागवणाऱ्याला वाटतं, कुणीतरी एका पिशवीत सगळं भरून देत असेल. तसं कुठलं? उशी असते इथे, बादली असते दुसऱ्या गावच्या गोदामात, आणि पातं अजून कारखान्यातच गरगरत असतं. मग सगळं जमेपर्यंत थांबायचं, की असेल ते आधी पाठवून उरलेलं मागून धाडायचं? हे ठरवायला एक टेबल होतं. टेबलावर पडदा. पडदा विचारायचा, ‘ऑर्डर फोडायची का?’ आणि काकू उत्तर द्यायच्या. दिवसाला दीडशे-दोनशे वेळा.

ऑर्डर फोडणं म्हणजे एकाची दोन पार्सलं करणं, एवढंच. पण बाहेरच्या माणसाला हे कसं कळावं? एकदा फोनवर बसणाऱ्या एका नव्या मुलीनं गिऱ्हाईकाला गोड आवाजात सांगितलं, “सर, तुमची ऑर्डर आम्ही फोडलीय.” पलीकडचा माणूस रडकुंडीला आला. “अहो, काचेचे पेले होते ते! मुद्दाम फोडलेत?” त्या दिवसापासून फोनवर ‘विभागून पाठवलीय’ म्हणायचं ठरलं. गोदामात मात्र फोडणंच राहिलं, आणि काकू फोडकाकूच राहिल्या.

काकूंचं शिक्षण चौथीपर्यंत. बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर गेली. कारखाना बंद पडला तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या, आणि घरी बसून सासूबाईंशी तोंड वाजवण्यापेक्षा काम बरं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. गोदामातल्या सुपरवायझर मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. मॅडमनी विचारलं, “कॉम्प्युटर येतो का?”

“येत नाही,” काकू म्हणाल्या, “पण तो माणसासारखं विचारत असेल तर मी माणसासारखं सांगेन.”

मॅडम हसल्या आणि काकू लागल्या कामाला. पडदा खरंच माणसासारखंच विचारायचा. फक्त त्याला अक्कल माणसाची नव्हती. तो कुलूप सोमवारी पाठवायला निघायचा आणि किल्ल्या शुक्रवारी. किटली आज, झाकण परवा. काकू कपाळाला हात लावायच्या आणि ‘थांबा’ हे बटण दाबायच्या. जोडीची वस्तू फोडायची नाही, हा त्यांचा नेम.

हा नेम त्या घरून घेऊन आल्या होत्या. खूप वर्षांपूर्वी तिन्ही भाऊ वेगळे झाले, तेव्हा थोरल्या दिरांनी भांड्यांची वाटणी अशी काटेकोर केली की खल एका घरात गेला आणि बत्ता दुसऱ्यात. चिमूटभर मिरं कुटायचं तर दोन घरांत बोलणी व्हायची, आणि बोलणी तर बंद! महिनाभर कुणी काही कुटलं नाही. शेवटी काकूंनी आपल्या वाटचा मोठा तवा थोरल्यांना देऊन खल सोडवला आणि बत्त्याशेजारी नेऊन ठेवला. तो बत्ता धाकट्या जावेकडे होता. म्हणजे काकूंच्या हाती काहीच लागलं नाही, तवाही गेला. नवरा म्हणाला, “तू वकील झाली असतीस तर अशील रस्त्यावर आले असते.” पण काकूंना त्या रात्री छान झोप लागली.

गोदामात त्यांनी आणखी एक सवय लावून घेतली होती, कुणी न सांगता. ऑर्डर फोडावीच लागली, तर खोक्यावर जाड मार्करनं लिहायच्या: १/२. म्हणजे दोनांपैकी पहिलं. दुसऱ्यावर २/२. घेणाऱ्याला कळावं की अजून एक येतंय, लगेच फोन करून भांडू नये. मॅडम म्हणायच्या, या आकड्यांमुळे तक्रारींचे निम्मे फोन कमी झाले. काकू नको नको म्हणत ऐकून घ्यायच्या.

आता त्या बुटाकडे येऊ.

त्या दुकानात एक कप्पा होता एकेरी बुटांचा. सगळ्यांचे दोन्ही पाय सारखे नसतात. कुणाचा जन्मापासून एक लहान, कुणाचा ऑपरेशननंतर. अशांनी दोन जोड घेऊन दोन बूट फेकून द्यायचे की काय? म्हणून डावा वेगळा, उजवा वेगळा, हव्या त्या नंबराचा मागवता यायचा. सोमवारी पडद्यावर ऑर्डर आली: लाल बूट, डावा पाच नंबर, उजवा सात नंबर. डावा गोदामात होता. उजवा दुसऱ्या गोदामातून गुरुवारी यायचा होता.

सोमवारची गर्दी अशी, की मान वर करायला सवड नाही. काकूंनी पडद्यावर ‘फोडा’ दाबलं, बुटाचं खोकं ओढलं, कडेला जिथे ‘डावा ५’ छापलं होतं तिथेच मोकळी जागा होती, तिथे लिहिलं १/२. हात डोळ्यांच्या पुढे धावला. मग डोळे खाली आले आणि सूचनेच्या चौकटीवर थांबले.

‘कृपा करून दोन्ही बूट एकत्रच पाठवा. मुलगी सहा वर्षांची आहे. शुक्रवारी सकाळी दहाला तिच्या पायाचं प्लास्टर निघणार आहे आणि डॉक्टर तिला बूट घालून उभं करणार आहेत. ते डॉक्टर दोन महिन्यांतून एकदाच येतात. मागच्या खेपेला एकच बूट आला होता.’

काकूंनी जीभ चावली. जोडी, आणि ती आपण फोडली! लेबल छापून झालं होतं, पण चिकटवलं नव्हतं आणि खोकं अजून हातात होतं. त्यांनी ते गाडीवर न टाकता थांब्याच्या फळीवर ठेवलं. थांब्याची फळी म्हणजे टेबलामागची, सोबत्याची वाट बघणाऱ्या वस्तूंची जागा. गुरुवारी उजवा येईल, दोन्ही एकत्र भरू, चार वाजताच्या ट्रकनं पाठवू, शुक्रवारी सकाळी आठपर्यंत पोचेल. हिशेब चोख होता. वर लिहिलेलं १/२ तेवढं खोडायचं राहिलं.

गुरुवारी अकराला उजवा आला. सात नंबर, लालचुटुक, नाडीऐवजी चिकटणारा पट्टा. काकूंनी हौसेनं मागे वळून फळीवर हात घातला.

डावा नव्हता.

फळीच अर्धी रिकामी होती. शेजारच्या टेबलावर एक चटपटीत मुलगी बसायची. चिकटपट्टी अशी सरसर ओढायची की तिला सगळे टेपराणी म्हणत. ती म्हणाली, “अहो काकू, काल मोठे साहेब येणार होते ना, म्हणून ज्याला लेबल चिकटवलेलं नाही ते सगळं उचलून जागेवर लावायला सांगितलं. तुम्ही काल सुट्टीवर होतात.”

“कुणी उचललं?”

“सगळ्यांनी. पळापळ होती नुसती. आणि मोठे साहेब आलेच नाहीत.”

काकू चरफडल्या. सुट्टी कसली? सासूबाईंचे डोळे तपासून आणायला गेल्या होत्या. पण सबबीनं बूट थोडाच सापडतो?

दोघी शोधायला लागल्या. एकेरी बुटांच्या फळीवर डावा पाचची जागा मोकळी. परत आलेल्या मालाच्या टोपल्या उपसल्या. खरवडलेल्या, चेपलेल्या, लेबल निघालेल्या खोक्यांचा ढीग उलथापालथा केला. टेपराणीनं एका मिक्सरच्या खोक्यातही डोकावून पाहिलं.

“अगं, त्यात कसा असेल?”

“काकू, दुसऱ्या कुठल्या जागी असणं शक्य आहे ते सगळं बघून झालंय. आता अशक्य बघायचं.”

एक वाजता मॅडम फोन हातात धरून आल्या. चेहरा पडलेला. “काकू, त्या बुटांच्या ऑर्डरवाल्या घरून फोन आहे. मुलीची आजी बोलतेय. तुम्हीच बोला.”

काकूंनी धुळीचा हात पदराला पुसून फोन घेतला.

“बाई, मी काही घाई करत नाही हं,” पलीकडून म्हातारा पण खणखणीत आवाज आला. “पण आज निघाले का बूट? आमच्या चिमणीनं रात्रीपासून धोशा लावलाय. म्हणते, लाल आहेत ना? दोन आहेत ना? दोन आहेत ना, हे तर शंभरदा विचारून झालं. मागे एकच आला होता. बारा दिवस तो एकच बूट उशाशी घेऊन निजत होती हो. दुसरा आला तोवर डॉक्टर निघून गेले होते, आणि आता तो जोड तिला लहान होतो.”

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. पण तोंडातून आलं ते असं: “दोन आहेत, आजी. निघतायत चारला.”

“तुमचं भलं होवो बाई!” म्हणून आजीनं फोन ठेवला.

मॅडम बघतच राहिल्या. “काकू, सापडला?”

“नाही.”

“मग?”

“मग काय? आता सापडायलाच हवा.”

मॅडमनी कारखान्याला विचारलं. नवा डावा पाच यायला तीन आठवडे. दुसऱ्या गोदामात नव्हता. सगळ्या दुनियेत त्या घडीला लाल रंगाचा, डाव्या पायाचा पाच नंबर एकच होता, आणि तो याच छपराखाली कुठेतरी शांत बसला होता.

काकूंनी डबा उघडला नाही. पडद्यावर ऑर्डरी साठत गेल्या, ‘फोडायची का? फोडायची का?’ असा पडद्याचा जप चालू. मॅडमनी स्वतः बसून त्यांचं टेबल सांभाळलं आणि अर्ध्या तासात कबूल केलं, “काकू, हे काम दिसतं तेवढं सोपं नाही.” एरवी काकूंनी हे वाक्य चवीनं चघळलं असतं. त्या दिवशी नुसती मान हलवली.

तीन वाजून गेले. काकू बुटांच्या रांगेत तिसऱ्यांदा फिरत होत्या, तेवढ्यात लांब्या भेटला. लांब्या म्हणजे वरच्या फळ्यांवर माल लावणारा. उंची अशी, की शिडी त्याला अपमान वाटायची. दर गुरुवारी जेवणानंतर तो बुटांची मोजणी करायचा. आज हातातल्या स्कॅनरकडे बघून कुरकुरत होता.

“काय रे, काय झालं?”

“काही नाही हो काकू. कॉम्प्युटर माझ्यावर डाफरतोय. कमी भरलं तर समजू शकतो, लोक पळवतात. पण इथे एक जास्त भरतोय! डावा साडेपाच, कॉम्प्युटर म्हणतो सहा आहेत, मी मोजतोय सात. बूट काय पिल्लं घालतात का?”

“डावा काय?”

“साडेपाच.”

काकू जागच्या जागी थांबल्या. पाच. आणि त्याच्या पुढे आपल्या हातानं लिहिलेलं एक-छेद-दोन.

“लांब्या,” त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “त्या सातांतल्या एकावर मार्करनं लिहिलंय का?”

लांब्यानं हात वर केला, एक खोकं काढलं, फिरवलं. “हे बघा. कालच लावलं मी. छापलंय पाच, पुढे कुणीतरी हातानं अर्धा लिहिलंय. परत आलेल्या बुटांवर नंबर असाच दुरुस्त करतात ना? म्हटलं साडेपाच. स्कॅनर चार्जिंगला होता, म्हणून डोळ्यांनी वाचून लावलं. कोण शहाणा असं लिहितो काय माहीत.”

“तो शहाणा तुझ्यासमोर उभा आहे,” काकू म्हणाल्या आणि खोक्यावर झडप घातली. झाकण उघडलं. आत लाल बूट, डावा, तळव्यावर पाच. काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांना इतकं हसू आलं की फळीला टेकून उभं राहावं लागलं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून हसू. लांब्याला काही कळेना. “काकू, पाणी आणू?”

“पाणी नको. किती वाजले?”

“साडे... तीन,” तळव्यावरचा पाच वाचून लांब्या म्हणाला. “यातला साडे खरा आहे हं.”

मग सुरू झाली ती शेवटची धावपळ. दोन्ही बूट एका मोठ्या खोक्यात आडवे घातले, मधे कागद चुरगाळून भरला, टेपराणीनं तीन पट्ट्या सरसर ओढल्या. आणि पडदा अडून बसला. सोमवारी काकूंनी ‘फोडा’ दाबलं होतं ना! त्याच्या मते ही दोन पार्सलं होती आणि त्याला दोनच हवी होती.

“परत जोडायचं बटण कुठेय?” काकूंनी विचारलं.

मॅडमनी इकडे तिकडे दाबून बघितलं. मग ओशाळून म्हणाल्या, “जोडायचं बटण नाहीये, काकू. फोडायचंच आहे.”

“वाटलंच मला. बनवणारा आमच्या थोरल्या दिरांचा भाऊबंद दिसतोय.” काकूंनी क्षणभर विचार केला. “छापा दोन्ही लेबलं.”

दोन्ही लेबलं एकाच खोक्यावर चिकटली, शेजारी शेजारी. लांब्या ते डोक्यावर घेऊन ट्रककडे धावला, काकू मागे, त्यांच्या मागे टेपराणी. ट्रकवाला दार लावायच्या बेतात होता. त्यानं खोकं उलटंपालटं केलं.

“काकू, हे काय? एका खोक्याला दोन लेबलं? पार्सल कुठली दोन आहेत?”

“जुळी आहेत,” काकू म्हणाल्या. “एकाच पोटात आहेत. तू दोन्हींवर स्कॅनर मार आणि चल.”

“पुढचा माणूस मला शिव्या घालेल.”

“पुढच्याला सांग, सहा वर्षांच्या मुलीचे बूट आहेत, उद्या दहाला तिला उभं राहायचंय. मग घालू दे शिव्या.”

ट्रकवाल्यानं काकूंकडे बघितलं, मग खोक्याकडे. स्कॅनर दोनदा टिवटिवला. त्यानं ते खोकं मागे ढिगात न टाकता पुढे, आपल्या सीटशेजारी ठेवलं. “पुढच्या माणसाच्या हातात मी स्वतः देतो. बास?”

“बास रे राजा.”

ट्रक गेला. काकू पायरीवर बसल्या. मॅडम येऊन शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा काकूंनीच तोंड उघडलं. “मॅडम, चूक माझी. लिहिलं ते खोडलं नाही मी. लांब्याला बोलू नका.”

“चूक अर्धी तुमची, अर्धी लांब्याची,” मॅडम म्हणाल्या.

“म्हणजे एक-छेद-दोन!” टेपराणी ओरडली, आणि पायरीवर सगळेच हसत सुटले.

तरी खरा सुस्कारा शुक्रवारीच सुटायचा होता. सकाळभर काकू काम करत होत्या, पण कान मॅडमच्या फोनकडे. साडेदहा झाले. अकरा झाले. एकेरी बुटाची एक ऑर्डर आली तर काकूंनी ती चारदा वाचली. सव्वाअकराला मॅडम फोन घेऊन आल्या. या वेळी चेहऱ्यावरच सगळं दिसत होतं.

“अहो बाई,” आजीचा तोच खणखणीत आवाज, मागे लहान मुलांचा कालवा, “तुमचा तो माणूस साडेसातलाच दारात. एका खोक्यासाठी माझ्या दोन सह्या घेतल्या. म्हटलं, मी काय दोनदा जन्मले का? तर म्हणतो, आजी, वरून हुकूम आहे, जुळी आहेत.”

“ते सोडा आजी, उभी राहिली का?”

“उभी? डॉक्टरांनी उभं केलं, म्हणाले, आज एवढंच. ही कसली ऐकते! भिंत धरून दारापर्यंत गेली. आता बूट काढून देत नाही. म्हणते, हे दोन आहेत, दोन्ही माझे आहेत. डॉक्टर म्हणाले, राहू दे.”

काकू “बरं झालं, बरं झालं,” एवढंच तीनदा म्हणाल्या आणि फोन मॅडमच्या हातात दिला. मग गुरुवारच्या बदल्यात दोन माणसांचं जेवण त्या एकट्या जेवल्या.

त्या दिवसापासून खोक्यांवर काकू आकडे लिहीत नाहीत. अक्षरात लिहितात: ‘दोनांतलं पहिलं.’ तीन असतील तर ‘तिनांतलं मधलं’. लांब्या म्हणतो, “काकू, हे वाचून होईतो माझी पाळी संपेल.” काकू म्हणतात, “वाच, वाच. तेवढंच शिक्षण होईल तुझं.”

त्या शुक्रवारी संध्याकाळी काकू बसमध्ये खिडकीशी बसल्या आणि त्यांना अशी काही झोप लागली, की आपला थांबा गेला, पुढचे सहा गेले, आणि शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं खांदा हलवून उठवलं. उलटी बस पकडून घरी आल्या तेव्हा सासूबाई दारातच.

“एवढा वेळ कुठं होतीस गं?”

“शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आले, आई.”

“काय काम होतं तिकडं?”

“काही नाही. झोप झाली.”

सासूबाईंनी नव्या चष्म्यातून सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बरी दिसतेयस,” त्या म्हणाल्या. “रोज जात जा.”